पाच जणांचं तिकीट

युरोपात असा एकही राजवाडा नसेल, ज्याच्या बाहेर बसून माझ्या साडूंनी दशमी खाल्लेली नाही. आत मात्र ते सहसा जात नाहीत. "आत काय असतं? खुर्च्या, आणि कोणी बसू नये म्हणून बांधलेली दोरी," असं त्यांचं मत आहे. बरेच राजवाडे आतून पाहिल्यावर माझंही मत तेच झालं. फरक इतकाच, की मला ते महाग पडलं.

साडू दुबईत अल कुसैसला राहतात आणि एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत इमारतींची अंदाजपत्रकं करतात. पाया खणण्याआधी सिमेंटची पोती मोजून मोकळा झालेला माणूस सहलही घरातून निघण्याआधीच पुरी करून टाकतो. स्वस्तातल्या विमानात माणशी सात किलोंची एकच सॅक चालते, म्हणून निघण्याआधी महिनाभर घरातल्या तिघांनी सात-सात किलो तांदूळ पाठीवर घेऊन चालायचा सराव करायचा, हा त्यांचा नेम. उन्हाळ्यात बाहेर चालणं अशक्य, तेव्हा हा सराव मॉलमध्ये, एसीत होतो. एकदा तिथल्या गार्डने सॅक उघडायला लावली. "चावल?" त्याने विचारलं. "घर का है," साडू म्हणाले. "घर का चावल मॉल में क्यों लाया, साब?" "प्रॅक्टिस है," साडू शांतपणे म्हणाले आणि अरबीत "यल्ला!", म्हणजे "चला!", म्हणून पुढच्या फेरीला निघाले. मागून मान खाली घालून बायको, आणि तिच्याही बरीच मागे, आपला यांच्याशी काही संबंध नाही अशा चेहऱ्याने, त्यांची एकुलती एक मुलगी सई.

परदेशात कोणी कॉफी प्यायची इच्छा दाखवली, तर ते नाही म्हणत नाहीत. फक्त तिथल्या चलनातली किंमत आधी दिरहममध्ये आणि मग रुपयांत मोठ्याने सांगतात. रुपये येईपर्यंत इच्छा आपोआप मेलेली असते. मग संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत सॅकमधून छोटा कुकर निघतो आणि खिडकी उघडून खिचडी होते. ती खिचडी, सांगायला हरकत नाही, उत्तम असते.

गेल्या जूनमध्ये बुडापेस्टला येण्याचा त्यांनी आम्हा नवरा-बायकोलाही आग्रह केला. मी भारावलो होतो. तिथे पोचल्यावर कारण कळलं: ट्राम-बसचं चोवीस तासांचं एकच तिकीट पाच जणांना मिळून चालतं, आणि ते तिघेच. अट अशी, की सगळ्यांनी सतत एकत्र राहायचं. ते तिकीट साडूंच्या शर्टाच्या खिशात असे. त्यामुळे कोणाला दुकानापाशी रेंगाळायचं असलं की पाचही जण रेंगाळत, आणि साडू चालू लागले की पाचही जण चालत. दुसरंही एक कारण होतं, ते कोणी बोलत नव्हतं. ऑगस्टअखेर सई शिकायला कॅनडाला जाणार होती. तिघांची अशी सहल पुन्हा कधी, हे अंदाजपत्रकात बसत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी नाश्त्याला सई म्हणाली, "बाबा, टुमारो आय वॉन्ट अ डे बाय मायसेल्फ."

"कसं जमेल? तिकीट एकत्र आहे."

"दॅट्स एक्झॅक्टली व्हाय, बाबा."

"आपण तिघं आलोय ना एवढ्यासाठी?" ते म्हणाले. आम्हा दोघांना वगळून. मी पावाला लोणी लावत राहिलो.

"जाऊ द्या हो तिला," ताई म्हणाल्या. ताई म्हणजे माझी मेहुणी. "दोन महिन्यांनी काय तुम्हाला विचारून घराबाहेर पडणार आहे?"

यावर साडूंनी समोरची बशी बाजूला सरकवली. मग, "तिकडे थंडी फार असते," असं काहीतरी म्हणून उठले.

चौथ्या दिवशी सकाळी स्टॉपवर आमचं रोजचं तिकीट काढून झाल्यावर ते पुन्हा मशीनपाशी गेले आणि आणखी एक तिकीट घेऊन आले, पूर्ण दिवसाचं, एकट्या माणसाचं. ते केवढ्याला पडलं हे त्यांनी कुठल्याच चलनात सांगितलं नाही. तपासायला कोणी आलं तर कसं दाखवायचं, हे मात्र सईला समजावून सांगितलं. "आय नो, बाबा," ती म्हणाली. त्यांनी पुन्हा समजावलं. या खेपेला तिने ऐकून घेतलं. मग समोरच्या बाजूची ट्राम आली, आणि काचेतून हात हलवत ती गेली.

आमची ट्राम आली तरी "यल्ला" कोणी म्हटलं नाही. आम्ही चौघं चढलो. दोन स्टॉप गेल्यावर तपासनीस बाई आली. साडूंनी तिकीट पुढे केलं. तिने आमच्यावरून नजर फिरवली आणि मान डोलावून ते परत दिलं. तिने काहीही विचारलं नव्हतं. तरी साडू म्हणाले, "वन मोअर इज देअर. माय डॉटर. शी वेंट इन अदर ट्राम."

"फोर इज ओके, सर," बाई म्हणाली.

"येस, येस," साडू म्हणाले, आणि ती पुढे गेल्यावरही तिकीट खिशात न ठेवता हातात धरून बसून राहिले.