बंद डब्यातली वरात

मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं आणि सगळी गर्दी एका पाव पोचवायच्या गाडीभोवती! जुन्या मोटारीचा मागचा भाग कापून मालकानं तिथे स्वतः ठोकून घडवलेला, बिनखिडक्यांचा पत्र्याचा डबा चढवला होता. एक गृहस्थ इस्त्रीच्या पँटसकट जमिनीवर आडवे होऊन गाडीचं पोट न्याहाळत होते. "अहो, बिजागऱ्या बघा, बिजागऱ्या!" दुसरे ओरडले, जणू नातवाला पहिला दात आला होता.

मला हसू आवरेना. माझी वरात असल्याच गाडीतून निघाली होती. सजवलेली मोटार ऐन वेळी बंद पडली, तेव्हा सासऱ्यांनी आपल्या बेकरीची गाडी पुढे केली. आत पावाच्या ट्रेवर बसून मी ढसाढसा रडले. माहेर सुटलं म्हणून नव्हे हो, नवा शालू गावाला दिसणार नाही म्हणून! काय मी तेव्हाची ठमाबाई!

मोटारी म्हाताऱ्या झाल्या की लोक त्यांच्यापुढे लोळण घेतात. आम्हाला नुसती खुर्ची देतात.

मी मालकाला म्हटलं, "बाळा, मला एक चक्कर मारून आण की!"

त्यानं लगबगीनं पुढचं दार उघडलं. "या ना आजी."

"पुढे नको. मागे बसते."

"मागे? तिथून बाहेरचं काहीच दिसत नाही!"

"मला कुठे काय बघायचंय? मागची दारं तेवढी सताड उघडी ठेव. मी दिसले पाहिजे!"

गाडी सुरू झाली. आडवे गृहस्थ धडपडत उठले आणि पहिल्यांदाच वर बघू लागले. मी पदर सावरला आणि हात हलवला.