एकदम शार्प

आईला तपासून झाल्यावर डॉक्टर हसून म्हणाले, "आजी अजून एकदम शार्प आहेत हं!" त्यांनी तिला आजचा वार विचारला होता, कागदावर घड्याळ काढायला लावलं होतं. तिचं सगळं बरोबर आलं.

हा शब्द आपण कुठंही वापरतो. शेजाऱ्यांची पोरगी शार्प असते, वकील शार्प असतो आणि 'दहाला शार्प निघू' म्हणणारे साडेदहाला आंघोळीला जातात. म्हाताऱ्या माणसांच्या वाट्याला मात्र तो कधी नुसता येत नाही. त्याला 'अजून' चिकटलेलं असतंच. कौतुक करता करता आपण त्यांना मुदत सांगून मोकळे होतो.

मला मात्र ते कौतुक ऐकून धस्स झालं. गेल्या पावसाळ्यात दादा, माझा थोरला भाऊ, गेला. आईला झेपणार नाही म्हणून तो कामासाठी परदेशी गेलाय, असं आम्ही तिला सांगितलंय. तिला हल्ली फारसं कळत नाही, हेही आम्हीच ठरवून टाकलं होतं.

परतताना आम्ही रिक्षा केली. कोपऱ्यावर भाजीची गाडी दिसली तशी आई म्हणाली, "कारली घे रे पावशेर. दादाला फार आवडायची."

"आवडतात, आई," मी घाईघाईनं म्हटलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. मग लहानपणी थोपटायची तसा माझा हात थोपटत म्हणाली, "बरं बाबा. आवडतात."