उघडी ठेवलेली पानं

आर्णीत माझं नेट कॅफे होतं, तेव्हा एक बाई रोज दुपारी यायची. कपाशीवर फवारणी करताना तिच्या नवऱ्याच्या डोळ्यांत औषध गेलं होतं आणि त्याला दिसेनासं झालं होतं. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. पदराने की-बोर्ड पुसून ती डोळ्यांच्या दवाखान्यांची पानं एकामागून एक उघडायची. शेवटी पडद्यावर इशारा यायचा, की इतके टॅब उघडले तर मशीन मंदावेल.

एकदा मशीन अडकलंच. मी म्हणालो, "ताई, वाचून झालेली पानं बंद करत जा ना."

तिने माउसवरचा हात काढला नाही. "बंद केलं अन् त्यातच इलाज असला तं, दादा?"

मी मशीन पुन्हा चालू केलं आणि तिची सगळी पानं परत उघडून दिली.

दिवाळीनंतर बरेच दिवस ती दिसली नाही. मग एका दुपारी आली, पण खुर्चीवर बसली नाही.

"दादा, टाइम बोलून सांगते अशी घडी कुठं भेटन, तेवढं पाहून द्या."

मला एक घड्याळ सापडलं. त्याचा आवाज नमुन्यादाखल ऐकता येत होता. मी तो लावला. तिने डोळे मिटून घेतले आणि ऐकत राहिली.