तिसाव्या गाडीची सीट

माझी मावशी गाड्यांच्या सीट शिवते. एकतीस वर्षं झाली. तिला गाडी चालवता येत नाही, आणि यंदापर्यंत स्वतः शिवलेल्या एकाही सीटवर ती बसलेली नव्हती. कारखान्याचा नियमच आहे, तयार सीटवर पहिल्यांदा बसायचं ते गिऱ्हाइकानं. मावशीला त्यात काही गैर वाटत नाही. शिंपी काय दुसऱ्याचा कोट घालून फिरतो का, असं ती उलट विचारते.

सहा वर्षांपूर्वी आईनं मला इथं नोकरीसाठी तिच्याकडे धाडलं, ‘दोन महिने राहा’ म्हणून. दोन खोल्या, एक खिडकी आणि मावशीचा स्वभाव, या तिन्हींशी जुळवून घेत मी अजून तिथंच आहे.

यंदा तिच्या कारखान्यात जी गाडी होत होती, ती मुळात शर्यतीची. तिला रस्त्यावर चालवायची परवानगी मिळावी म्हणून दिवे, आरसे, हॉर्न आणि नंबर प्लेटची जागा दिलेली. अशा फक्त चाळीस व्हायच्या होत्या. एकेचाळिसावी कुणी पाया पडून मागितली तरी नाही. वजन वाढू नये म्हणून आत ना गालिचा, ना रेडिओ. दार आतून उघडायला हँडलसुद्धा नाही, नुसता लाल कापडी पट्टा. तोही मावशीनंच शिवलेला.

“माणसं वर्षानुवर्षं नंबर लावून बसतात,” ती म्हणायची, “आणि हाती येतो पिशवीचा बंद.”

सीटच्या बाबतीत मात्र तिची थट्टा बंद. सीट म्हणजे एक पातळ, कडक कवच, त्यावर फोम आणि वर राखी चामडं. वळणांवर शिलाई मशीन पोचत नाही, तिथले टाके अर्धगोल सुईनं हातानं घालायचे. “कापड माफ करतं, चामडं करत नाही,” हे तिचं ठरलेलं वाक्य. चामड्यात एकदा सुई गेली की भोक कायमचं. उसवून पुन्हा शिवू म्हणायची सोय नाही.

आता खरं सांगायला हरकत नाही. वर्षभर मावशीला नीट दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बोटांना टाके पाठ होते, म्हणून शिवण कधी बिघडली नाही, पण सुईत दोरा जाईना. रोज सकाळी सहाला ती मला हलवायची आणि मी अर्धवट झोपेत तिच्या पत्र्याच्या डबीतल्या वीस सुया ओवून द्यायचे. कारखान्यात कळलं तर आपल्याला टेबलावरून उठवून दोऱ्याची रिळं लावायला बसवतील, ही तिची धास्ती. मी औषधांच्या दुकानात काम करते. ऑपरेशन अर्ध्या तासाचं असतं, हे तिला दहादा सांगून झालं होतं. “या चाळीस होऊ देत,” एवढंच उत्तर. माझ्या कामावरच्या पांढऱ्या कोटाचं बटण तेव्हा तुटलं होतं. सीट शिवणाऱ्या बाईच्या घरात मी ते पिनेवर धकवत होते. मला शिवणाचं काही येत नाही, आणि तिला सांगितलं असतं तर तिला वाईट वाटलं असतं.

एका गुरुवारी ती खुशीत घरी आली. तिसाव्या गाडीच्या सीट तयार होऊन गाडीत बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी मालकाकडे जायची होती. सकाळी थोडं जास्त झोपता यावं म्हणून मी संध्याकाळीच सुया ओवायला घेतल्या, आणि एका अर्धगोल सुईपाशी थांबले.

“मावशी, हिचं टोक कुठाय?”

“कुठलं टोक?”

मी सुई तिच्या बोटात दिली. तिनं बोट फिरवलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. सुई मोडली तर सगळे तुकडे कागदावर चिकटवून द्यायचे, तुकडा सापडल्याशिवाय काम पुढं न्यायचं नाही, हा त्यांच्याकडचा पहिला नियम. मावशीनंच तो कित्येक नव्या मुलींना शिकवलेला.

“दुपारी ड्रायव्हरची सीट शिवताना टक् झालं होतं,” ती म्हणाली. “मला वाटलं, दोरा निसटला.”

आम्ही तिचा एप्रन झटकला, चपला उलट्या करून पाहिल्या, तिची पिशवी जमिनीवर पालथी केली. काही नाही.

“जाऊ दे ना,” मी म्हणाले. मला लाज वाटते, पण म्हणाले. “झाकली मूठ सव्वा लाखाची. एवढंसं टोक. कुणाला कळणार आहे?”

“बसणाऱ्याला कळेल,” मावशी म्हणाली. “वळणावर माणूस त्या कडेवर सगळं अंग टाकतो. उद्या माझ्याबरोबर चल. लपवत दोघी होतो, सांगायलाही दोघी जाऊ.”

त्यांच्या फोरमनना माघारी सगळे ‘पाव मिलिमीटर’ म्हणतात, कारण तेवढं इकडचं तिकडे झालं तरी ते काम परत करायला लावतात. सकाळी ते एकटेच होते. मावशीनं सुई टेबलावर ठेवली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. टोक, मोतीबिंदू, माझं सुया ओवणं, सगळं. तिचा आवाज एकदाही अडखळला नाही.

पाव मिलिमीटरनी चार बोल्ट काढून ती सीट गाडीबाहेर आणली, टेबलावर ठेवली आणि पडलेले स्क्रू उचलायचं लोहचुंबक तिच्यावरून इंच इंच फिरवलं. काही लागलं नाही.

“खोल गेलं असेल तर हे ओढणार नाही,” ते म्हणाले. “उसवावी लागेल. या चामड्याशी तंतोतंत जुळणारा तुकडा आता मिळायचा नाही, माहीत आहे ना?”

“माहीत आहे. मीच उसवते.”

तिनं एप्रनचे खिसे टेबलावर रिकामे केले. खडू, मोजपट्टी, आणि सुई रेटताना अंगठ्यावर चढवायचं तिचं जुनं चामडी टोपण. पाव मिलिमीटरनी तिच्या हातात पातं दिलं. तिनं बोटानं पहिला टाका चाचपला. हे बघवेना म्हणून मी उगाच काहीतरी करायला गेले, टेबल मोकळं करावं म्हणून लोहचुंबक उचललं, आणि त्याला लटकून टोपण वर आलं.

चामडं लोहचुंबकाला चिकटत नाही, एवढं मी शाळेत शिकले होते. “मावशी, थांब,” मी म्हणाले.

पाव मिलिमीटरनी चिमट्यानं टोपणातून टोक ओढून काढलं, सुईला जोडून धरलं आणि दुसऱ्या अख्ख्या सुईशी ताडून पाहिलं. मग स्वभावाला जागून पुन्हा एकदा पाहिलं. “पुरी आहे,” ते म्हणाले. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, इथं कळसा अंगठ्यावरच होता. मावशी मटकन स्टुलावर बसली. माझाही जीव भांड्यात पडला. मला हसू यायला लागलं आणि थांबेना.

सीट परत जागेवर बसवल्यावर पाव मिलिमीटर म्हणाले, “मावशी, आता बसून दाखवा. टोचतं का बघू.”

“नियम आहे.”

“नियम मीच केलाय.”

मावशी आधी बूड टेकवून, मग एकेक पाय आत घेत त्या गाडीत बसली. गाडी इतकी बुटकी की मला नुसता तिचा अंबाडा दिसत होता. ती डावीकडे रेलली, उजवीकडे रेलली, वळणं घेत असल्यासारखी. “नाही टोचत,” आतून आवाज आला, आणि जरा वेळानं, “चांगली शिवलीय.” बाहेर यायला तिला आम्हा दोघांचे हात लागले.

“उरलेल्या दहा गाड्यांच्या सीट मी ठेवून देतो,” पाव मिलिमीटर हात झटकत म्हणाले. “आधी डोळे करून या.”

“दुसऱ्या कुणाला द्या की.”

“टाके मी रोज मोजतो, मावशी. दुसऱ्या कुणाला कशाला देऊ?”

तेव्हा मात्र तिला रडू आलं.

दोन्ही डोळे झाले. पहिली पट्टी निघाल्यावर तिनं आमचं स्वयंपाकघर पाहिलं आणि माझी जी खरडपट्टी काढली, तीवरून ऑपरेशन उत्तम झाल्याचं मला कळलं.

ती कामावर परत गेली त्या सकाळी मला कुणी हलवलं नाही. जाग आली तेव्हा साडेआठ वाजले होते. डबी नव्हती, मावशी नव्हती. ओट्यावर चहा झाकून ठेवलेला आणि खुर्चीच्या पाठीवर माझा कोट. पिन काढून बाजूला ठेवली होती. बटण लावलं होतं, गाडीच्या दाराचा पट्टा शिवायच्या लाल दोऱ्यानं. मी ते ओढून पाहिलं. जागचं हललं नाही.