आईच्या टोपलीतली सुरमई

एम.एस्सी.च्या प्रकल्पाला मी विषय घेतला होता: बाजारात सुकी सुरमई म्हणून मिळते ती खरंच सुरमई असते का? आमच्या मॅडमना तो फार आवडला. गिऱ्हाइकांची फसवणूक उघडी पडेल, म्हणाल्या. मलाही तेव्हा फसवणुकीची भारी चीड होती.

पाच बाजारांतून नमुने आणले. सहावा घरचाच. आई काशीदच्या रस्त्यावर सुकी मच्छी विकते, त्यावरच मी शिकले. हा नमुना खात्रीचा, बाकीचे त्याच्याशी ताडून बघायचे, असं मी वहीत लिहूनही ठेवलं.

अ‍ॅगरोज ही समुद्री शेवाळापासून काढलेली पांढरी पूड. ती उकळून ट्रेमध्ये ओतली की खरवसासारखी गोठते; त्यालाच जेल म्हणतात. तिच्यातल्या बारीक खाचांत मच्छीचा डीएनए सोडायचा आणि वीज लावायची. लहान तुकडे पुढे पळतात, मोठे मागे राहतात. आमच्या चाचणीत सुरमईच्या दोन पट्ट्या दिसणार होत्या, दुसऱ्या मच्छीची एकच.

पाचही बाजारांच्या दोन-दोन पट्ट्या आल्या. आईची एक.

मी तीनदा नवं जेल केलं. पुडीवर, मशीनवर, स्वतःच्या हातावर संशय घेतला. आईवर सगळ्यात शेवटी.

"हा सहावा कुठला?" मॅडमनी विचारलं.

"काशीदचा. माझी आई विकते."

मॅडमनी जेल जवळ ओढलं. "म्हणजे दिवाळीला तू मला दिलीस ती...?"

"तीच, मॅडम."

"चांगली लागली होती गं," त्या म्हणाल्या.

घरी गेल्या गेल्या आईला म्हटलं, "आये, तुझी सुरमई सुरमई न्हाय."

"कुपा मासा हाय तो, सुरमईपरीस सवस्त. मला ठाऊक हाय."

"मग सुरमई म्हणून विकतेस कशाला?"

"मी कवा म्हनते? मुंबईवाले गाडीतनं उतरून इचारतात, सुरमई का? मी मान हालवते." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "यवढ्यासाठी तीन म्हैने घालवलंस? मला इचारायचं."

अहवालात मी 'विक्रेत्याचा तपशील उपलब्ध नाही' असं टाइप केलं. मॅडमनी वाचलं आणि सही केली.

पुढच्या सुट्टीत गेले तर आईपुढे दोन टोपल्या. एकीकडे बोट दाखवून ती सांगत होती, "ही लेकीनं कालेजात मशीनवर तपासलेली हाय." त्यातला एकही तुकडा मी तपासला नव्हता. तिला बाजूला घेऊन तसं म्हटलं.

"मंग तपास की. कोन नको म्हनतंय?"

तेवढ्यात एक गाडी थांबली. उतरलेल्या बाईंनी मलाच विचारलं, "तपासलेली हीच का?"

मी मान हलवली आणि पिशवी भरून दिली.