पाठमोरी नायिका

जुन्नरच्या तहसील कचेरीसमोर टेबल टाकून मी अर्ज लिहितो. शिक्षण नववीपर्यंतच झाले. परंतु माझा अर्ज वाचताना खुर्चीतून मान वर करून ‘हे कोणी लिहिले?’ असे विचारणारे अधिकारी मी पाहिले आहेत. याच टेबलावर, गिऱ्हाईक नसलेल्या दुपारी, तरुणपणी मी तीन ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्या लिहिल्या. त्या छापल्या गेल्या, वाचनालयांतून हातोहात फिरल्या आणि पुढे विस्मरणात गेल्या. अलीकडे पुण्याच्या एका प्रकाशकाने त्या पुन्हा काढावयाचे ठरविले. अट एकच घातली : मुखपृष्ठे नवी हवीत.

जुन्या तिन्ही मुखपृष्ठांवर एकच स्त्री आहे. एकावर ती बुरुजावर उभी आहे, दुसऱ्यावर नदीच्या घाटावर, तिसऱ्यावर दिंडी दरवाजात. तिन्हींवर ती पाठमोरी आहे. ती माझी पत्नी.

चित्रे काढणारा माझा मित्र एरवी दुकानांच्या पाट्या आणि टेम्पोच्या फाळक्यावरचे मोर रंगवीत असे. समोर माणूस उभा असल्याशिवाय त्याला माणूस काढता येत नसे. म्हणून त्याला घेऊन आम्ही मढजवळच्या माझ्या सासुरवाडीस गेलो. सासरची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे राखणारी. घरामागे दगड रचून केलेल्या कुंपणाचा एक गडगा होता. तोच बुरूज समजावयाचा असे ठरले. पत्नी लग्नातला शालू नेसून तेथे उभी राहिली खरी, पण आमच्याकडे पाठ करून.

“तोंड न्हाई दाखवायची मी,” ती म्हणाली. “दुकानात टांगत्याल ती पुस्तकं. येनारा जानारा बघनार.”

“वहिनी, मग नायिका दिसायची कशी?” मित्राने विचारले.

“तुमचा मोर दिसतो तशी! त्यो बी समद्यांना टेम्पोच्या मागनंच दिसतो की.”

मित्र हसला आणि त्याने कुंचला उचलला. घाटाकडून गार वारा सुटला, तेव्हा तिने वडिलांची घोंगडी मागवून धनगरी पद्धतीने तिची खोळ करून डोक्यावरून घेतली. मित्राने जे समोर दिसले तेच काढले. पहिल्या कादंबरीचे मुखपृष्ठ छापून आले तेव्हा आमच्या ध्यानात आले, की शालू नेसलेली सरदारकन्या काळी घोंगडी पांघरून बुरुजावर उभी आहे.

“राव, सरदाराची लेक मेंढरं वळायला निघाली का?” छापखान्याचा मालक म्हणाला.

मुखपृष्ठ बदलणे शक्य नव्हते. आतला मजकूर मात्र अद्याप छपाईसाठी जुळवायचा होता. जोडलेला कागद बदलता येत नसेल, तर निवेदन त्या कागदास अनुरूप करावे, ही आमच्या व्यवसायाची रीत. मी एक नवे प्रकरण लिहिले. एका धनगरणीची घोंगडी पांघरून नायिका पहाऱ्यातून निसटते आणि प्रियकराची वाट पाहत बुरुजावर उभी राहते. वाचकांना नेमके तेच प्रकरण सर्वांत आवडले. पुढच्या दोन्ही कादंबऱ्यांत आणि त्यांच्या मुखपृष्ठांवर मग घोंगडी आपोआप आली.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत पत्नी गेली. तिची छायाचित्रे माझ्यापाशी पुष्कळ आहेत. लग्नातले आहे, मतदार ओळखपत्रावरचे आहे, भाचीच्या बारशातले आहे. सर्वांत ती समोर पाहते आणि सर्वांत ती अवघडलेली दिसते. मला ठाऊक असलेली ती अशी नव्हती. ती डोंगरातली, चालण्यात चपळ. मी बैठ्या कामाचा, अंगाने जड. मढच्या पायवाटांवर ती सदैव पुढे असे. मी थांबलो की तिला न पाहताच कळे, आणि मान न वळविता ती म्हणे, “या की! बसू नका.” माझा संसार मी त्या पाठीमागून चालत केला. माणसाच्या पाठीचे छायाचित्र मात्र कोणी काढून ठेवीत नाही. ती केवळ त्या तीन मुखपृष्ठांवर होती.

नवी मुखपृष्ठे कळंबची एक मुलगी करीत होती. घरच्याच एका खोलीत संगणक मांडून ती लग्नपत्रिका, फ्लेक्स आणि पुस्तकांची कामे करते. प्रकाशकाने मला तिच्याकडे पाठविले. तिने पडदा माझ्याकडे वळविला. पडद्यावर नथ घातलेली एक गोरीपान तरुणी माझ्याकडे पाहून हसत होती.

“कथेत घोंगडी आहे,” मी म्हणालो. “ती नसेल तर प्रकरण निराधार ठरते.”

“एवढंच ना काका?” तिने बोटे चालविली आणि त्या तरुणीच्या अंगावर घोंगडी आली.

माझा युक्तिवाद मान्य झाला होता आणि माझ्या हाती काहीच लागले नव्हते.

“अजून काय खटकतंय?”

“जुने चित्र अधिक गंभीर होते. कालखंडास धरून होते.”

“काका, मी कचेरीतला साहेब न्हाई. सरळ सांगा की.”

मी सांगितले. मग तिने जुन्या मुखपृष्ठाची प्रत पडद्यावर घेतली आणि हलकेच विचारले, “वळवून दाखवू का काकूंना? आता कॉम्प्युटर वळवतो. चेहरा बी करतो.”

मी नाही म्हणायला हवे होते. पण मी खुर्ची पुढे सरकविली.

ती वळली. आयुष्यभर ज्या वळण्याची मी चढावर धापा टाकीत वाट पाहिली, ते माझ्या डोळ्यांदेखत घडले. आणि मालिकांतल्या बायकांसारखा एक गुळगुळीत चेहरा माझ्याकडे पाहू लागला. तो कोणाचाच नव्हता.

“परत वळव, पोरी,” मी म्हणालो. “लवकर.”

तिने कळ दाबली. पाठ परत आली.

तिने प्रकाशकांना फोन लावून आवाज मोठा केला. ते म्हणाले, चेहरा नसेल तर मोबाइलवर पाहणारा थांबणारच नाही; लेखकांचे म्हणणे काय ते त्यांनीच सांगावे. साऱ्या तालुक्याची गाऱ्हाणी मी शब्दांत बसविली आहेत. त्या क्षणी मला ‘विनंतीपूर्वक’ हा शब्दही सुचला नाही.

“ती माझी पत्नी आहे,” मी म्हणालो. “तिला तोंड दाखवायचे नव्हते.”

मग ते म्हणाले, “राहू द्या. आकाश तेवढं उजळ करा.”

मुलीने विटलेले रंग धुऊन काढले, आकाश उजळले, अक्षरे नवी घातली. घोंगडीस तिने हात लावला नाही.

पुस्तके आली तेव्हापासून पहिल्या कादंबरीची एक प्रत टेबलावर माझ्या बाजूस तोंड करून असते. मागच्या आठवड्यात मढकडचे एक वृद्ध धनगर वारसाच्या नोंदीचा अर्ज लिहवून घेण्यास आले. मी लिहीत असताना त्यांनी पुस्तक उचलून डोळ्यांजवळ धरले.

“पावणं, ही बाई आमच्याकडची दिसती. खोळ कशी घेतलीय बगा.”

“तुमच्याकडचीच.”

“मागं का बघंना? हाक मारा की तिला.”

“ऐकू येते तिला,” मी म्हणालो. “वळत नाही.”

त्यांनी पुस्तक होते तसे, माझ्याकडे करून ठेवले. मी त्यांच्या अर्जाची पुढची ओळ लिहू लागलो.