बुरुजावरची कासिल्दा

स्पेनमधल्या आल्कारेलच्या टेकडीवर कोण आलं नाही? रोमन आले, आफ्रिकेतून मुसलमान मूर आले, कास्तीलचे राजे आले; फ्रेंच तर जाताना गावची डुकरंसुद्धा घेऊन गेले मेले! आता बाहेरून कुणी येत नाही, म्हणून गाव दर एप्रिलात सणाच्या लुटुपुटूच्या लढाईत स्वतःच स्वतःला जिंकून घेतं. वरच्या आळीचे मूर, खालच्या आळीचे ख्रिस्ती. ते जन्मानेच ठरतं. मूरांच्या राजाने बुरुजावरून भाषण ठोकायचं, ख्रिस्त्यांच्या सरदाराने खालून उलट ठोकायचं, आणि शेवटी किल्ला ख्रिस्त्यांनीच घ्यायचा.

कासिल्दा वरच्या आळीची लेक, खालच्या आळीची सून. बाप लेओकादिओ मूरांचा राजा, नवरा आन्सेल्मो ख्रिस्त्यांचा सरदार. सणाआधी दोन्ही घरची भाषणं ऐकून बिचारीचे कान किटायचे. पण राजाचं भाषण एकदा तरी आपण ठोकावं, ही तिची लहानपणापासूनची हौस. बाईमाणूस बुरुजावर? छे!

यंदा ऐन सणाच्या सकाळी लेओकादिओचा आवाज पार बसला. खालच्या आळीने लगेच टोमणा मारला, "आमच्यातला एखादा राजा उसना देऊ का?" म्हातारा असा भडकला, की त्याने आपला फेटा उतरवून सगळ्यांदेखत लेकीच्या डोक्यावर ठेवला.

कासिल्दा बुरुजावर चढली. चुकली असती तर वरच्या आळीला वर्षभर तोंड दाखवायला जागा उरली नसती. पण तिने तोंड उघडलं आणि काय सांगू, बाजेवालेसुद्धा वाजवायचे थांबले.

आता आन्सेल्मोची पाळी. तो घोड्यावरून बायकोकडे बघतच राहिला. भाषण साफ विसरला!

"अरे, बोल की!" खालची आळी ओरडली.

"मुक्यानेच किल्ला घेणार होय रे?" वरच्या आळीत हशा पिकला.

कासिल्दाला नवऱ्याची कीव आली. तिने बुरुजावरूनच, त्याच्या घोगऱ्या आवाजात, त्याचं भाषण सुरू केलं. "शरण ये, मूर राजा!" मग आपल्या आवाजात, "जीव गेला तरी नाही!" ख्रिस्त्यांकडून तीच भांडली, मूरांकडूनही तीच, आणि शेवटी रीतीप्रमाणे स्वतःलाच हरवून मोकळी झाली. हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली.

आन्सेल्मो किल्ल्याची किल्ली घ्यायला वर आला. हरलेल्या राजाने मान झुकवायची, अशी रीत. पण झुकला तोच.

"राणीसाहेब, पुढच्या वर्षीही तुम्हीच या," तो म्हणाला.

"ते आमची आळी ठरवील. तू आधी भाषण पाठ कर," ती म्हणाली आणि तिने खाली बापाकडे पाहिलं. म्हाताऱ्याला बोलता येत नव्हतं. तो ढसाढसा रडत होता आणि जोरजोरात होकारार्थी मान हलवत होता.